तिची आई कुठे होती?

सौंसर
२ फेब्रुवारी २०२५

हिमानी,

नावाआधी काही लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. ‘चि.’ लिहायला पेन टेकवलं आणि हात थांबला. जिची तेरवी आपल्याच घरात झाली, तिला चिरंजीव कोणत्या तोंडाने लिहायचं? म्हणून नुसतं नाव. अक्षर तू ओळखलं असशीलच, पाचवीपर्यंत शाळेतही मीच शिकवलं तुला.

बातमी वाईट आहे, ती आधी सांगून टाकते. आपला वैभव गेला. अकरा जानेवारीला, शनिवारी संध्याकाळी. रामाकोन्याच्या आपल्या संत्र्याच्या बागेतून मोटरसायकलने घरी येत होता. वळणावर कापसाची ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, रेडियमची पट्टी नाही. डॉक्टर म्हणाले, त्याला काही कळलंच नसेल. असं ते सगळ्यांनाच सांगत असतील. एकोणतीस वर्षांचा होता.

तुला कळवायचं कसं हे समजत नव्हतं. तुझा नंबर आमच्याकडे नाही. पत्ता परवा मिळाला. त्याच्या कपाटात, बुटांच्या खोक्यात नऊ राख्या निघाल्या आणि गेल्या वर्षीचं कुरिअरचं पाकीट, तेव्हा त्याला जाणं जमलं नव्हतं, त्यावर नागपूरचा पत्ता, तुझ्या हातचा. म्हणजे ‘मोहगावला मित्राकडे चाललो’ म्हणून हा दर राखीला जायचा, तो तुझ्याकडे. मला वाटायचं, पोराची तिकडे कोणी मुलगी ठरलेली आहे. मी मनातल्या मनात तिची जात शोधून ठेवली होती.

तेरवीला आचारी गुलाबच होता. २०१६ साली होता तोच. भट्टी पेटवताना मला विचारतो, “बाई, मागच्या वेळेसारखीच बुंदी करू का?” त्याच्या मनात काही नव्हतं बिचाऱ्याच्या. मागच्या वेळेची म्हणजे तुझी.

तेव्हा तुझ्या बाबांनी जे केलं ते समाजाच्या दबावाखाली केलं, हे तुला माहीतच आहे. त्यावर आता काय लिहायचं.

घरात आम्ही दोघंच उरलो आहोत. ये म्हणायचा मला हक्क नाही. पण तुझ्याशिवाय या जगात मला आता दुसरं लेकरू नाही. एक ओळ पाठव. ओळ नको असेल तर कोरं पोस्टकार्ड पाठव, मला पुरेल.

आई


सौंसर
२३ फेब्रुवारी

हिमानी,

पोस्टमन रोज समोरून जातो. मी फाटकात उभी असते म्हणून तो हल्ली मान खाली घालून सायकल मारतो. त्याला तरी कशाला शिव्या द्यायच्या?

दुपारी वेळ जात नाही, म्हणून मी तुझं बायबल वाचते आहे. दचकू नकोस. तुझे कपडे वाटून टाकले, वह्या रद्दीत गेल्या, पण ते मी गव्हाच्या कोठीत तळाशी घातलं होतं. तेव्हा स्वतःला सांगितलं, शिक्षिकेने पुस्तक फेकू नये. खरं कारण असं की त्यात जागोजागी तुझी पेन्सिल आहे. नर्सिंगच्या होस्टेलवर बसून लिहिलेलं असणार. माझा देव्हारा आहे तिथेच आहे, दिवा रोज लागतो. पण देव्हाऱ्यासमोर बसलं की माझ्या तोंडून शब्द निघत नाही, आणि या पुस्तकात लोक देवाशी चक्क भांडतात. मला भांडायलाच कोणीतरी हवं होतं.

ईयोब वाचला. एका दिवसात दहा लेकरं गेली त्याची. तीन मित्र भेटायला आले, सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले. मला फार आवडले ते. मग त्यांनी तोंड उघडलं आणि सगळी घाण केली. तू काही पाप केलं असशील, देव उगाच कोणाला मारत नाही, वगैरे. अगदी आपल्याकडे येतात तसेच. परवा बोरगावचे दादाराव आले होते. चहा पीत पीत म्हणतात, “बाई, देव आपल्याच माणसाची परीक्षा घेते. संत्र्याच्या झाडाले पानी तोडून ताण देल्याशिवाय बहार येते का?”

मी म्हटलं, “दादाराव, ताण देनारा मानूस पानी सोडाची तारीख ठरवून ठेवते. तुमच्या देवाले तारीख इचारून या, मंग बोला.”

कप अर्धा ठेवून गेले. पण त्यांनी नको तिथे बोट ठेवलं होतं. आपल्या बागेचं पाणी वैभवनेच डिसेंबरात तोडलं होतं. पानं किती मलूल झाली ते बघायला तो त्या शनिवारी गेला होता, रविवारी पाणी सोडणार होता. ते कोणी सोडलंच नाही. आम्हा दोघांनाही आठवण राहिली नाही. महिना उलटून गेला आणि शेंड्याकडून झाडं वाळत चालली, तेव्हा शेजारच्या भैय्याजींनी येऊन सांगितलं. तुझे बाबा बागेत जातात, झाडाखाली बसतात, मोटर न लावता परत येतात.

शेवटी देव ईयोबाशी बोलतो. तुला वाटेल मला समाधान झालं असेल. छे! हे म्हणजे पोराने एक प्रश्न विचारला आणि मास्तराने उत्तर न देता उलटे सत्तर प्रश्न विचारले. समुद्राला दार कोणी लावलं, रानबकरी कधी विते! असला मास्तर माझ्या शाळेत असता तर मी बीईओ साहेबांकडे तक्रार केली असती. दोन दिवस पुस्तक मिटून ठेवलं. मग वाटलं, उत्तर दिलं नाही, पण आला तरी. आमच्याकडे अजून कोणी आलेलं नाही. आणि देव असंही म्हणतो की त्याची बाजू घेणारे ते मित्र चुकले, भांडणारा ईयोबच बरोबर बोलला. हे मी तीनदा वाचलं.

सगळ्यात राग आला तो शेवटाचा. दहा लेकरं गेली, पुन्हा दहा दिली. जसे काही माठ होते! कोण्या आईने लिहिलेलं नाही हे. तिथे तुझी पेन्सिल आहे: ‘गुरं दुप्पट दिली, मुलं दुप्पट नाहीत. म्हणजे पहिली दहा देवाच्या मोजणीत अजून आहेतच.’

हिमानी, दवाखान्यात पंचनाम्याच्या वेळी शिपायाने मला विचारलं होतं, “माताजी, बच्चे कितने हैं?” मी म्हणाले, “एकच होता.” मेलेली लेकरं मोजणारा तो देव आणि जिवंत लेकरू न मोजणारी मी.

पुढे आज लिहवत नाही. चहाटोस्ट घेते.

आई


सौंसर
१६ मार्च

हिमानी,

आज सगळं खरं लिहायचं ठरवून बसले आहे. पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं, दुसऱ्यात ते तसंच राहू दिलं. उत्तर आलं नाही ते त्यामुळेच, अशी माझी समजूत झाली आहे. तुला खोटं लहानपणापासून कळायचं.

इफ्ताहाची गोष्ट वाचली. तुला ठाऊक आहे, तरी मी माझ्यासाठी लिहिते. लढाईला जाताना त्याने देवाला वचन दिलं, जिंकलो तर माझ्या दारातून जे पहिलं बाहेर येईल ते तुला अर्पण करीन. जिंकून आला आणि दारातून डफ वाजवत नाचत आली त्याची एकुलती एक मुलगी. त्याने कपडे फाडले आणि तिलाच म्हणाला, तू मला कुठे आणून ठेवलंस! वचन दिलंय, आता फिरता येत नाही. तिने दोन महिने मागितले, मैत्रिणींबरोबर डोंगरात जाऊन रडायला. मग परत आली. पळून गेली नाही गं, परत आली. आणि त्याने वचन पाळलं. अब्राहामाच्या मुलाच्या वेळी हात धरायला देवदूत आला, बदली मेंढा आला. या पोरीच्या वेळी कोणी आलं नाही.

पानाच्या कडेला तुझ्या पेन्सिलीने चार शब्द आहेत. पुसट झालेत, पण वाचता येतात. ‘तिची आई कुठे होती?’

हे तू तेरवीच्या आधी कधीतरी लिहिलंस. तुला काय माहीत होतं? उत्तर देते. तिची आई स्वयंपाकघरात होती. पुऱ्या लाटत होती.

तू ख्रिस्ती राहुलशी कोर्टात लग्न करून फोन केलास, त्यानंतर समाजाच्या बैठकीत तुझे बाबा हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, आजपासून माझी मुलगी मला मेली. माणसं असं बोलतात. वर्षभरात विरतंही ते. एखाद्या दिवाळीला वैभवच तुला घेऊन आला असता, बाबा तोंड फिरवून बसले असते आणि जाताना तुझ्या पिशवीत त्यांनीच संत्री भरली असती. त्यांचा स्वभाव तसाच आहे.

पण मला रोज शाळेत जावं लागत होतं. स्टाफरूममध्ये रोज कोणीतरी हळूच विचारायचं, “बाई, हिमानीचं ऐकून राहिलो ते खरं आहे का?” बाजारात विचारायचे. हळदीकुंकवाला विचारायचे. आठ दिवस सोसलं. नवव्या दिवशी मीच तुझ्या बाबांना म्हणाले, “नुसतं मेली म्हणून काय होते? मेली म्हनता तं तेरवी करून टाका. मेलेल्या पोरीबद्दल कोनी इचारत नाही.”

ते म्हणाले, “नलू, जिती पोर हाये आपली.”

हे ते म्हणाले होते, हिमानी. मी नाही.

फोटोही मीच निवडला. पांढुर्ण्याला जाऊन मोठा करून आणला, तुझा दहावीतला, दोन वेण्यांचा. त्यात तू आज्ञाधारक दिसतेस. हार मी घातला. त्या दिवशी वैभव जेवला नाही. सायकल घेऊन कुठेतरी गेला आणि दुसऱ्या दिवशी आला. मला त्याने एकच विचारलं, “आई, ताईले कळलं तं?” मी म्हटलं, मेलेल्यांना कळत नाही.

लोक म्हणतात, जित्या माणसाची तेरवी घातली की मरण घर पाहून जातं. माझी आईही म्हणायची. त्याला घर मी दाखवलं. एका लेकराच्या नावाने पानं वाढली, दुसरं त्याने उचलून नेलं. ईयोबाचे मित्र मला हेच म्हणाले असते आणि मी न भांडता त्यांना चहा पाजला असता.

अजून एक राहिलं. तुझा नंबर नाही असं लिहिलं होतं. वैभवच्या फोनमध्ये तो ‘गौतम मेकॅनिक’ या नावाने आहे. काच फुटलेला तो फोन दहाव्या दिवशी वाजला. मला वाटलं, गाडीचं काही असेल. मी उचलला. तू म्हणालीस, “वैभ्या, आठ दिवस झाले, फोन कायले नाही उचलून राहिला रे? रागावला का?”

मी म्हणाले, राँग नंबर.

तू विचारलंस, “आई?”

मी फोन ठेवला.

नऊ वर्षांनी तू मला आई म्हणालीस आणि मी फोन ठेवला. बाहेर ओसरीवर समाजाची चाळीस माणसं बसलेली होती. तो फोन मी अजून चार्ज करते, पण तुला लावत नाही. पुन्हा तसंच करीन याची मला भीती वाटते. पत्र तरी मधेच ठेवून देता येत नाही.

आता तुला सगळं माहीत झालं. उत्तर नाही दिलंस तरी मी तुला दोष देणार नाही.

आई


सौंसर
६ एप्रिल

हिमानी,

हे शेवटचं पत्र समजून लिहिते आहे.

मंगळवारी रामाकोन्याला गेले होते. बागेतल्या विहिरीच्या काठावर बसले. का बसले ते लिहीत नाही. किती वेळ झाला कोण जाणे, मागून तुझे बाबा आले. त्यांनी हात धरला नाही, ओरडले नाहीत. थोड्या अंतरावर काठावरच बसले आणि म्हणाले, “नलू, मले पोहता येत नाही. तुले माहीत हाये.”

मग आम्ही दोघं बसने घरी आलो. बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बोलले, “थे पुस्तक वाचून राहिली ना तू? पोरीचं? त्यात आपल्यासारख्याईचं काही हाये का?”

मी म्हटलं, आहे, पण सगळी मरतात. ते म्हणाले, “पुढं वाच ना मंग.”

म्हणून पुढे वाचलं. मार्कच्या पुस्तकात तुझं सौंसर–नागपूर बसचं जुनं तिकीट निघालं, त्या पानावर याईराची गोष्ट होती. त्याची बारा वर्षांची मुलगी मरायला टेकलेली. तो येशूच्या पाया पडून त्याला घरी घेऊन निघतो, तर वाटेत येशू दुसऱ्याच एका बाईसाठी थांबतो. तेवढ्यात घरून माणूस येतो, मुलगी गेली, आता गुरुजींना कशाला त्रास देता? मी तिथेच पुस्तक मिटणार होते. उशिरा येणाऱ्या देवाचा मला कंटाळा आला आहे. पण तुझे बाबा समोर बसले होते. म्हणाले, “मोठ्यानं वाच.”

घरी पोचले तर रडणाऱ्या बाया आधीच जमलेल्या. म्हणजे पुढची सगळी तयारी झालीच होती. येशू म्हणतो, मुलगी मेलेली नाही. लोक हसले. घरात मढं पडलेलं आणि लोक हसतात! मला खरं वाटलं ते, समाजाची माणसं अशीच असतात. त्याने सगळ्यांना बाहेर काढलं. आत घेतलं ते आपल्या तिघा सोबत्यांना, मुलीच्या बापाला आणि आईला.

आईला. तसं लिहिलं आहे. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. इफ्ताहाच्या घरी नव्हती, इथे आहे. तिथे तुझी पेन्सिल नाही, नुसतं तिकीट. तू त्या पानावर कितीदा बसली असशील आणि काही लिहिलं नाहीस.

त्याने हात धरून मुलीला उठवलं. आणि उठवल्यावर म्हणाला काय, तर हिला काहीतरी खायला द्या. एवढं सगळं करून त्याच्या मनात आलं काय, की पोर उपाशी असेल. तिथे मी पुस्तक खाली ठेवलं. तुझे बाबा उठून आत गेले आणि नळ सोडून बराच वेळ तोंड धूत राहिले.

तुझ्या तेरवीला दीडशे पानं उठली. गुलाबच्या हातची बुंदी दोनदा वाढली. जिच्या नावाने सगळे जेवले तिला कोणी विचारलं नाही. त्या दिवशी तू काय खाल्लं होतंस गं? वैभवने फोन करून सांगितलं होतं का तुला, आज तुझी तेरवी आहे म्हणून?

त्याने माझ्या वैभवला उठवलं नाही. ते मी विसरणार नाही, आणि वर कधी गाठ पडली तर विचारणार आहे. पण तुझ्याबद्दल मात्र लोक ज्याला हसले तेच खरं आहे, की तू मेलेली नाहीस. तू नागपुरात आहेस, ड्युटीवर जातेस, कोणाची तरी पट्टी बदलत असशील. एवढ्यावर माझा विश्वास बसला आहे. श्रद्धा म्हणतात ती हीच की आणखी काही असते, मला माहीत नाही. माझ्याकडे सध्या एवढीच आहे.

आत्ता भूक नाही, पण गॅसवर दोघांचा भात ठेवला आहे. तुझे बाबा तरी खातील.

आई


सौंसर
१७ एप्रिल

चि. हिमानी,

लिहिलं. हात थांबला नाही.

तुझं कार्ड आज दुपारी आलं. पोस्टमनने फाटकाशी सायकल थांबवली. एकच ओळ, तीही पेन्सिलीने: ‘आई, तू जेवतेस का?’

ना शिवी, ना क्षमा. चार पत्रं वाचून तू मला एवढंच विचारलंस. चाळीस मिनिटं मी पायरीवर बसून होते. समोरून जाणाऱ्यांनी पाहिलं असेल. पाहू दे.

नाही जेवत, हिमानी. वैभवच्या तेरवीपासून धड जेवले नाही. चहा, टोस्ट, कधी दोन घास भात. आज जेवले. तुझे बाबा वांग्याची भाजी करायला बसले. आयुष्यात पहिल्यांदा! मीठ दोनदा पडलं. आम्ही दोघांनी ती सगळी खाल्ली.

त्यांनी तुझं कार्ड वाचलं, खिशात घातलं, काढलं, पुन्हा वाचलं. मग स्टूल आणून तुझा फोटो भिंतीवरून उतरवला. हार तोडून तुळशीत टाकला. मी खिळा काढायला पक्कड आणली, तर म्हणाले, “राहू दे. वैभवचा लावाचा हाये.”

तेव्हा आम्ही दोघं रडलो. तो गेल्यापासून एकत्र पहिल्यांदा.

बागेत त्यांनी मोटर लावली आहे. यंदा फळ धरणार नाही, चाळीस झाडं तर गेलीच. उरलेल्यांना पाणी देतात.

येत्या रविवारी तुमचा ईस्टरचा मोठा सण असतो म्हणे, म्हणून रविवारी नको. सोमवारी ये. राहुललाही आण. जमणार नसेल तर पुढच्या सोमवारी ये, त्याच्या पुढच्या ये, मी दर सोमवारी स्वयंपाक करीन. बुंदी नसेल. आपल्या घरात यापुढे बुंदी होणार नाही. वरण, भात, मेथीची भाजी, तुला आवडायची ती ज्वारीची भाकर. शेजारी विचारतील, कोण येऊन राहिलं? मी सांगीन, माझी मुलगी. मग आणखी विचारू देत त्यांना काय विचारायचं ते.

पत्र पाकिटात घालत होते, तर तुझे बाबा आत येऊन विचारून गेले, नागपूरची पहिली गाडी सौंसरला किती वाजता लागते. मी म्हटलं, आज गुरुवार आहे. म्हणाले, “हाव, मले माहीत हाये,” आणि चपला घालून बसस्टँडवर वेळ पाहायला गेले.

तुझी
आई